अस्सल कोणतं, हे सांगणार कोण?

वरूडच्या एका संत्रा बागायतदाराकडे १९६०च्या दशकातली, वडिलांची फियाट आहे. एका स्वयंघोषित जाणकाराने पाहून निकाल दिला : 'आरसा नंतरचा, गाडी ओरिजिनल नाही.' अन् मग निम्म्या भावात मागितली! चेसिस अन् इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवलेच नव्हते.

तपशील क्षुल्लक असतात, असं आम्ही म्हणत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या त्या फियाटचा गिअर स्टिअरिंगला असे. तो खाली जमिनीवर आणला, तर मूळ रचना बदललीच. पण २०२१च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज गाडीसाठी ५० वर्षांची अट घालताना पाहिलं ते चेसिस, बॉडी अन् इंजिन. आरसा नव्हे.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला हेच विचारतो, बरं का : चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकट्या भागात रथ सापडत नाही; मग एकट्या आरशात तो हरवेल कसा?

न्यायशास्त्रात आप्त तो, ज्याला वस्तू कळली आहे आणि जशी कळली तशीच सांगायची आहे. ज्याला गाडी स्वस्तात हवी, त्याची दुसरी अट तिथेच मोडते. आम्ही त्या भाऊंना एवढंच म्हटलं : आधी आरसी बुक काढा, भाव मग बोलू.