समोर बसलेला माणूस

विल्यम जॉन्सन हा मुंबईत काम केलेला छायाचित्रकार. १८६३ ते १८६६ या काळात त्याने मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातली माणसे एकीकडे टिपलेली, पाठीमागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही बेमालूम जोडून केलेला एकच फोटो. फोटोशॉपच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी हे खंड एकदा तरी चाळावेत. पण जोडकामापेक्षा खटकतात त्या फोटोखालच्या ओळी. तिथे नाव असते ते जातीचे.

खरे तर तोवर कॅमेरा इथल्या लोकांच्याही हाती आला होता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढत. पुढे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२मध्ये हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो बाईच्याच हाती सोपवला. कॅमेऱ्यामागे कोण आहे यावर समोरचा चेहरा किती उघडतो हे ठरते, ही जाण त्यामागे होती. धंद्याचा हिशोबही होताच.

गावोगावच्या स्टुडिओंनी हा व्यवहार आणखी मोकळा केला. रंगवलेला पडदा, उसना कोट, निगेटिव्हवर पेन्सिलने केलेले रिटचिंग. आपण कसे दिसायचे हे गिऱ्हाईकच ठरवी. सगळे खोटे, तरी त्या माणसाच्या इच्छेशी इमान राखणारे. छायाचित्रकार केतकी शेठ यांनी ‘फोटो स्टुडिओ’ या मालिकेत देशभरातले असे उरलेसुरले स्टुडिओ टिपले आहेत.

मराठी वाचकाला पोर्ट्रेट म्हटले की आठवतात गौतम राजाध्यक्ष. ‘चेहरे’ या पुस्तकातला त्यांचा मऊ प्रकाश सुरकुतीलाही सांभाळून घेतो. कधी जरा जास्तच. तरी समोरच्याशी गप्पा मारून त्याला सैल करण्याची त्यांची हातोटी फोटोत उतरली आहे. त्यांच्या मागून आलेल्यांनी उचलला तो प्रकाश; गप्पा तिथेच राहिल्या. आजचे प्री-वेडिंग अल्बम पाहा. जोडपी बदलतात, मान कलवण्याचा कोन बदलत नाही.

२०१६मध्ये आयफोन ७ प्लसने ‘पोर्ट्रेट मोड’ आणला आणि पाठीमागचे धूसर करणे हे बोटाचे काम झाले. २०२३मध्ये छायाचित्रकार बोरिस एल्डागसेन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घडवलेल्या चित्राला सोनीच्या छायाचित्र स्पर्धेचे पारितोषिक मिळाले आणि त्यांनी ते नाकारले. त्या चित्रातल्या दोन बायका कधी जन्मल्याच नव्हत्या.

अशा काळात सर्वांत दमदार काम आले आहे ते पालघर जिल्ह्यातल्या जव्हार परिसरातून. बोहाडा या सोंगांच्या उत्सवासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे आदिवासी कलावंत तिथे आहेत. छायाचित्रकार गौरी गिल यांनी त्यांच्याकडून देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे करून घेतले. ते चढवून गावकरीच घरात, दुकानात, रस्त्यावर कॅमेऱ्यासमोर आले. २०१८ साली ही मालिका न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंस्थेत लागली. मुखवट्याआडचा चेहरा दिसत नाही, तरी बसण्याची ढब, हाताची ठेवण, खांद्यांचा बाक यांतून माणूस स्पष्ट कळतो. जॉन्सनच्या खंडांत चेहरे होते आणि माणसाला विचारलेले नव्हते. इथे काय घालायचे आणि कसे उभे राहायचे, यात समोरच्याचाही वाटा आहे. असे काम वर्षानुवर्षे चालते आणि लग्नसराईतल्या फोटोग्राफरला ते परवडणारे नाही, हे कबूल. समोरच्याला आधी चार प्रश्न विचारायला मात्र त्याला वेगळी लेन्स घ्यावी लागत नाही.