तेल चोळल्याने काय होते?

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पाहून आम्ही गावाकडे उतरत होतो. खाली जोग नदीची खाडी, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीवाडीत पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. त्यांपैकी एका फाटकावर रंगवलेला फलक होता : 'नियमित मालिशचे फायदे'. पहिला फायदा, शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात. दुसरा, स्नायूंत साठलेले लॅक्टिक आम्ल निघून जाते. तिसरा, ताण उतरतो. चौथा, पाठदुखी कायमची जाते. पाचवा, रोगप्रतिकारशक्ती वाढते. खाली लहान अक्षरांत, रोज चाला, वेळेवर झोपा.

आम्ही तो फलक वहीत उतरवून घेतला. हीच वाक्ये दिनदर्शिकांच्या मागे, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मुलांच्या प्रकल्पवह्यांत आढळतात. मूल ती उतरवते, आपण खाली सही करतो. म्हणून ती एकदा नीट तपासायला हवीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तेल लावण्याला आमचा विरोध नाही. कोकणातल्या घरात बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणे, दिवाळीचे अभ्यंगस्नान, थकून आलेल्याचे पाय रगडणे हे सारे आम्ही अनुभवले आहे. ते बरे वाटते, याला पुरावा मागण्याची गरज नाही. प्रश्न 'बरे वाटते' आणि 'बरे होते' यांमधल्या अंतराचा आहे.

पहिला दावा विषद्रव्यांचा. कोणते विषद्रव्य, याचे नाव फलकावर नसते. नावच नसेल तर ते आधी किती होते आणि नंतर किती उरले, हे मोजता येत नाही. शरीरात तयार होणारे टाकाऊ पदार्थ यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र हाताळतात. कातडी चोळल्याने त्यांचे काम वाढते किंवा कमी होते असे दिसलेले नाही.

दुसरा दावा निदान मोजण्याजोगा आहे, आणि तो मोजला गेला आहे. जोराच्या व्यायामात लॅक्टिक आम्ल (खरे तर त्याचे लॅक्टेट हे रूप) वाढते, पण विश्रांती घेतल्यास तासाभरात ते पूर्ववत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते लॅक्टिक आम्लामुळे नव्हे, तर स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे. 2010 मध्ये कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात केलेल्या प्रयोगात तर असे दिसले की, व्यायामानंतर लगेच चोळल्याने दाबामुळे रक्तप्रवाहाला अडथळा येतो आणि हे आम्ल स्नायूतून बाहेर पडायला उलट उशीर होतो.

मग चोळण्याचा काहीच परिणाम होत नाही का? होतो. 2012 मध्ये कॅनडातल्याच मॅक्मास्टर विद्यापीठात 11 तरुणांना थकेपर्यंत व्यायाम करायला लावून प्रत्येकाचा एकच पाय 10 मिनिटे चोळला. नंतर दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. चोळलेल्या पायात दाहाच्या खुणा कमी होत्या. लॅक्टेटमध्ये मात्र फरक नव्हता. म्हणजे आराम पडण्याला काही शारीरिक आधार असू शकतो, पण फलकावर दिलेले कारण चुकीचे आहे. 11 माणसे म्हणजे फार थोडी, हेही लक्षात ठेवायला हवे.

ताण उतरतो, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. त्वचेत काही बारीक मज्जातंतू असे आहेत की सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर या संथ गतीने हात फिरला तर ते सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि माणसाला सुखदही तीच गती वाटते. आजीचा पाठीवरून फिरणारा हात साधारण याच गतीचा असतो. पण 'मालिशने ताणाचे संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, खूप घटते' असे जे सांगतात, त्याला 2011 मधील एका एकत्रित विश्लेषणात आधार मिळाला नाही. परिणाम नगण्य निघाला. पाठदुखीबद्दल 2015 साली कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्यांचा आढावा घेतला. थोड्या काळापुरता आराम दिसला, तोही कच्च्या पुराव्यावर. 'कायमची' या शब्दाला त्यात जागा नाही.

फलक लिहिणारे म्हणतील, हे तर आपल्या प्राचीन ग्रंथांत आहे. म्हणून ग्रंथही पाहू. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्यात रोज अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान आणि पाय यांना तेल लावावे असे सांगितले आहे. थकवा जातो, झोप चांगली लागते, त्वचा बळकट होते असे फायदेही दिले आहेत. पण लगेच पुढे कोणी अभ्यंग करू नये तेही आहे : कफाने ग्रासलेल्याने, नुकतीच शोधनक्रिया झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने. त्यानंतर व्यायाम येतो, तोही अर्ध्या शक्तीने करावा, अति केल्यास काय बिघडते या इशाऱ्यासह. या अध्यायात दृष्टी सुधारते असाही दावा आहे आणि तो ग्रंथात आहे म्हणून सिद्ध होत नाही. तरी वाग्भटाने 'केव्हा नको' हे लिहिले. आजच्या फलकाने त्याचे फायदे उचलले आणि नेमके तेवढेच गाळले.

हे गाळणे महागात पडू शकते. पुष्कळ वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. कढत तेलाने कातडी भाजली तरी त्याला कळत नाही आणि पुढे जखम चिघळते. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती रगडल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तान्ह्या बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची चाल अनेक घरांत आहे. ते तेल श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. वाडीतून दवाखाना गाठायला जिथे वेळ लागतो, तिथे 'आधी चोळून पाहू' म्हणत घालवलेला दिवस परत मिळत नाही.

याउलट, नीट तपासलेला दावा कसा असतो याचे चांगले उदाहरण मुंबईतच आहे, आणि तेही आंजर्ल्याच्या वाड्यांत पिकणाऱ्या खोबऱ्याच्या तेलाचे! शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील डॉक्टरांनी केलेला हा अभ्यास 2005 मध्ये 'इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला खोबरेल, दुसऱ्याला खनिज तेल आणि तिसऱ्याला नुसती पावडर लावून दिवसातून चार वेळा मालिश केले. तिसरा गट कशाला, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. केवळ चोळण्यानेच वजन वाढत असते तर तिन्ही गट सारखे वाढले असते. तसे झाले नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेल गटाचे वजन इतर दोन्ही गटांपेक्षा वेगाने वाढले. पूर्ण दिवसांच्या बाळांत खोबरेल गट पावडर गटाच्या पुढे राहिला. म्हणजे इथे तेलाचा काही वाटा आहे. मात्र बाळांच्या वर्तन-विकासाच्या चाचणीत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि तेही अभ्यासकांनी लिहून ठेवले. कोणाला काय लावले आहे हे उघड होते, ही या अभ्यासाची मर्यादा.

यातून 'खोबरेल लावल्याने पर्यटकांची प्रतिकारशक्ती वाढते' असा निष्कर्ष निघत नाही. पातळ कातडीच्या, दीड-दोन किलोच्या बाळाविषयी जे खरे, ते सत्तर किलोच्या माणसालाही लागू पडेल असे नाही.

आता फलकाच्या तळाच्या ओळीकडे येऊ. रोज चालणे आणि वेळेवर झोपणे यांमागचा पुरावा मालिशपेक्षा कितीतरी भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटे अशी शिफारस केली. तरी फलकावर ही ओळ सर्वांत लहान! चालायला पैसे पडत नाहीत आणि त्याचे शुल्कही आकारता येत नाही, हे कारण असेल का, हे विद्यार्थ्यांनी ठरवावे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. खेळाच्या तासाला बराच वेळ उठाबशा झाल्यावर, इच्छुक मुलांनी नाणे उडवून एक पाय निवडावा. तो पाय स्वतःच 10 मिनिटे हलक्या हाताने चोळावा, दुसऱ्याला हात लावू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्यांच्या दुखण्याला 0 ते 10 गुण द्यावेत. नोंद दुसऱ्या विद्यार्थ्याने करावी. कोणता पाय चोळला हे त्याला ठाऊक नसावे. मग चर्चेला घ्यावे : नोंद करणाऱ्याला ठाऊक नाही, पण दुखणाऱ्याला आहेच, त्याचा परिणाम गुणांवर होईल का? पाय निवडायला नाणे कशाला? उत्तर काहीही येवो, प्रकल्पवहीत उतरवलेल्या पाच ओळींपेक्षा ते मुलांचे स्वतःचे असेल.

आम्ही मुक्कामाला परतलो तेव्हा यजमानांच्या ओसरीवर आजी नातवाच्या पायांना तेल लावत होत्या. "याने काय होतं, आजी?" आम्ही विचारले. "झोपतो हो शांत," त्या म्हणाल्या. त्या फलकापेक्षा हा दावा आम्हाला अधिक शास्त्रीय वाटला. तो लहान आहे, आणि रोज रात्री तपासून पाहता येतो.