बाटलीवरचे नाव

दिवाळीच्या सुमारास बीडच्या बाजारात बालाघाटची सीताफळे आली, की मला नारायणगावची एक बाटली आठवते. वाचकहो, दचकू नका. मी तिच्या नावाविषयीच बोलणार आहे.

जुन्नर तालुक्यातील या गावी १९८०च्या दशकात फेसाळणारी पांढरी वाईन होऊ लागली. पद्धत फ्रान्सच्या शाम्पेनची, द्राक्षे आपल्या मातीतली आणि नाव 'ओमर खय्याम'! माधव जूलियनांनी १९२९ साली खय्यामच्या रुबाया फार्सीतून मराठीत आणल्या आणि त्या परक्या कवीला आपली वाणी दिली. येथे व्यवहार उलटा झाला. आपल्या फळाला परके नाव मिळाले.

आल्प्सच्या कुशीतील सावोय प्रांतात १२४८ साली ग्रानिए डोंगर कोसळून गावे गाडली गेली. पुढे त्याच ढिगाऱ्यावर द्राक्षमळे उभे राहिले. तेथली पांढरी वाईन आप्रमों या गावाचेच नाव लावते.

सीताफळ तरी मूळचे कुठले? अमेरिकेचे. पण २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते बीडच्या नावाने. बाहेरून आलेले फळही मातीचे नाव लावून घरचे होते. नारायणगावच्या बाटलीला हे भाग्य लाभले नाही, एवढीच माझी तक्रार.