जडसनबाईंचें पत्र : साधन म्हणून कांहीं विचार

धर्मप्रचारकांचीं चरित्रें इतिहासाचें साधन म्हणून हातीं घेतांना आमच्याकडे दोन प्रकारची वृत्ति दिसते. एक वर्ग तीं न उघडतांच बाजूस सारतो. हेतु प्रचाराचा, तेव्हां मजकूर पक्षपाती असणारच, असें तो धरून चालतो. दुसरा वर्ग त्यांतील तारखा व घडामोडी जशाच्या तशा उचलून आपल्या ग्रंथांत घालतो. हे दोन्ही मार्ग आळसाचे आहेत असें आम्हांस वाटतें. साधनाचा हेतु कळला म्हणजे त्याची परीक्षा संपत नाहीं. तेथून ती सुरू होते. हें दाखविण्यासाठीं आम्ही ब्रह्मदेशांतील एका अमेरिकन मिशनरी कुटुंबाची हकीकत येथें विचारास घेत आहों. जेम्स नोल्स यांनीं १८२९ सालीं बोस्टन येथें प्रसिद्ध केलेलें ॲन जडसन या बाईंचें चरित्र हा तिचा मुख्य आधार. आणि त्या चरित्राचा प्राण म्हणजे बाईंनीं २६ मे १८२६ रोजीं रंगूनहून आपल्या दिरास लिहिलेलें दीर्घ पत्र होय.

या कुटुंबाचा आमच्या प्रांताशीं मुळींच संबंध नाहीं असें नव्हे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं अमेरिकेंतील सेलम गांवीं पांच तरुणांस धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यांत आली. त्यांपैकीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले, आणि सॅम्युएल न्यूएल १८१४ सालीं त्यांस येऊन मिळाले; अमेरिकन मराठी मिशनचा पाया तो हाच. त्या पांचांतलेच अदोनिराम जडसन. जडसन व न्यूएल हीं दोन जोडपीं १९ फेब्रुवारीस ‘कॅरॅव्हॅन’ जहाजावर एकत्र निघालीं व १७ जून रोजीं कलकत्त्यास पोहोंचलीं. म्हणजे मुंबईचे मिशनरी आणि रंगूनचे मिशनरी हे एकाच तुकडींतले होते.

त्यांच्या प्रवासाचें वर्णन वाचतांना पहिली गोष्ट लक्षांत येते ती ही कीं, या मंडळींचा मार्ग त्यांच्या संकल्पानें ठरला नाहीं; तो कंपनीच्या हुकुमांनीं, गळक्या जहाजांनीं आणि बंदरांत मिळेल त्या तारवानें ठरला. मिशनऱ्यांस मुलखांत थारा द्यावयाचा नाहीं हें ईस्ट इंडिया कंपनीचें त्या वेळचें धोरण. कलकत्त्यास पाय ठेवतांच परत जाण्याचा हुकूम झाला. न्यूएल दांपत्य ४ ऑगस्ट रोजीं मॉरिशसकडे निघालें. जहाज गळूं लागल्यामुळें तें पूर्व किनाऱ्यावरील कोरिंग बंदरांत न्यावें लागलें. पुढें भर समुद्रांत हॅरिएट न्यूएल या बाई प्रसूत झाल्या, मूल पांच दिवसांत गेलें, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं पोर्ट लुई येथें त्या स्वतः वारल्या. त्यांचें वय एकोणीस वर्षांचें होतें.

जडसन दांपत्याची तऱ्हा याहून फारशी निराळी नव्हती. कलकत्त्यांत त्यांनीं बाप्तिस्म्याविषयींचें आपलें मत बदलून बॅप्टिस्ट पंथ स्वीकारला. त्यामुळें ज्या मंडळानें पाठविलें होतें त्याच्याशीं संबंध सुटला. मॉरिशसच्या जहाजांत बसले तों सरकारी हुकुमानें तें हुगळी नदींतच थांबविण्यांत आलें. उभयतां उतरून नदीकांठच्या एका खाणावळींत राहिले, व परवाना हातीं आल्यावर सुमारें सत्तर मैल होडीनें जाऊन त्यांनीं सागर बेटापाशीं जहाज गांठलें. जानेवारी १८१३ मध्यें मॉरिशसला पोहोंचतात तों मैत्रिणीच्या मृत्यूची बातमी वाट पाहत होती. तेथून जून महिन्यांत मद्रास. तेथेंही हद्दपारीचें भय. जावयाचें होतें पेनांगला; पण तिकडे जाणारें जहाज नव्हतें, रंगूनला जाणारें एक जुनाट गलबत होतें. त्यांत ते बसले. सोबत घेतलेली दाई जहाजावर चढल्यानंतर लवकरच अकस्मात् मरण पावली. वाटेंत बाईंस झालेलें पहिलें मूल मृत जन्मलें. आणि १३ जुलै १८१३ रोजीं गलबत रंगूनास लागलें.

अशा मालिकेंत पदोपदीं ईश्वरी योजना दाखविणें ही या जातीच्या चरित्रांची रीतच आहे. त्या श्रद्धेशीं आमचा वाद नाहीं. परंतु आमच्या मीमांसकांनीं विधि व अर्थवाद असा वाक्यांचा भेद केला आहे, तो येथें फार उपयोगी पडतो. अर्थवाद स्तुतीसाठीं असतो; त्यावरून स्वतंत्र निर्णय करावयाचा नसतो. चरित्रांतला अर्थवाद वेगळा काढला कीं खालीं उरतें तें असें : बंदरांत कोणतें जहाज उभें होतें, परवाना किती दिवसांनीं आला, होडी किती मैल वल्हवावी लागली. हा उरलेला भाग सजविण्यांत लेखकाचा कोणताही लाभ नाहीं, म्हणून तो अधिक विश्वसनीय.

रंगूनच्या संसाराविषयीं हेंच म्हणतां येईल. पाव नाहीं, लोणी नाहीं, बटाटे नाहींत. भात, कोंबडीची कढी आणि काकडी घालून शिजविलेली कोंबडी हेंच मुख्य अन्न, असें बाई घरीं कळवितात. १८१५ च्या सप्टेंबरांत झालेला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला. १८१७ च्या डिसेंबर महिन्यांत जडसन चितगांवास म्हणून निघाले. तीन महिन्यांत परतावयाचे, ते वाऱ्यानें भरकटून मच्छलीपट्टणास लागले व १८१८ च्या ऑगस्टांत परत आले. मध्यंतरीं रंगूनांत पटकी पसरली, लढाईच्या आवया उठल्या, सोबतचें कुटुंब निघालें. बाई त्यांच्याबरोबर जहाजावर चढल्या; पण जहाज अडलें तेव्हां उतरून एकट्याच घरीं परतल्या. चरित्रकारास हें धैर्याचें उदाहरण वाटतें, व तें आहेही. इतिहासकारास त्यांतून दुसरें दिसतें : बंगालच्या उपसागरांत पति जिवंत आहे कीं नाहीं हें कळण्यास तेव्हां सात महिने लागूं शकत होते.

आतां त्या मुख्य पत्राकडे वळूं. इंग्रज व ब्रह्मी यांचें पहिलें युद्ध सुरू झालें तेव्हां जडसन दांपत्य राजधानी आवा येथें होतें. ८ जून १८२४ रोजीं जडसन यांस धरून नेण्यांत आलें. पुढें सुमारें एकवीस महिने ते कैदेंत होते, त्यांपैकीं नऊ महिने तिहेरी व दोन महिने पंचहेरी बेड्यांत. या पत्राच्या प्रामाण्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पतीस नेल्याबरोबर बाईंनीं घरांतील सर्व पत्रें व रोजनिशा नष्ट केल्या. इंग्लंडांत आपला पत्रव्यवहार आहे आणि या देशांतील प्रत्येक घटना आपण टिपून ठेवितों हें उघडकीस येऊं नये म्हणून. ही कबुली त्यांचीच आहे. तेव्हां पत्रांतील मजकूर समकालीन टिपणांवरून नव्हे, तर सुटकेनंतर आठवणीवरून लिहिलेला आहे. अधिकाऱ्यांशीं झालेले संवाद नाटकांतल्याप्रमाणें उतरले आहेत. ते शब्दशः खरे मानण्याचें कारण नाहीं. परंतु भेटीची परवानगी व बेड्या हलक्या करणें यांसाठीं दोनशें तिकल चांदी, उंची कापडाचे दोन तागे आणि रुमालांचे दोन तागे मागण्यांत आले, ही गोष्ट स्मृतींत राहते. ज्यानें पैसे मोजले तो आकडा विसरत नाहीं.

शिवाय बाईंचा पक्षपात सरसकट नाहीं. ज्या राजधानीनें त्यांच्या पतीस कोंडलें तिच्याच एका अधिकाऱ्यानें कैद्यांस गुप्तपणें मारण्याचे वरून तीनदां आलेले हुकूम अमलांत आणले नाहींत, हें त्या स्पष्ट सांगतात. शत्रूकडील सज्जनता नोंदविणारी साक्ष ही चांगल्या साक्षीची खूण होय.

१८२५ च्या मे महिन्यांत कैद्यांस अनवाणी हांकीत अमरपूर व तेथून औंगपेनला या खेड्यास नेण्यांत आलें. तापलेल्या वाळूनें जडसन यांच्या पायांचीं सालटीं निघालीं. तेव्हां गाउगर नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या बंगाली नोकरानें आपल्या डोक्याचें वस्त्र फाडलें, अर्धें धन्यास दिलें व अर्धें जडसन यांस पायांना गुंडाळण्यासाठीं दिलें. आणि उरलेली वाट जडसन त्याच्याच खांद्याच्या आधारानें चालले. बाई तीन महिन्यांची मुलगी घेऊन मागोमाग गेल्या व तुरुंगाधिकाऱ्याच्या घरीं धान्याच्या खोलींत राहिल्या. देवी आल्या तेव्हां त्यांनीं गांवांतल्या मुलांस टोंचलें. स्वतःच्या मुलीस मात्र टोंचणें लागलें नाहीं व ती देवींनीं फार आजारी पडली. पुढें बाई स्वतः अंथरुणास खिळल्या, दूध आटलें. मग तुरुंगवाल्यांस देणग्या देऊन जडसन बाहेर येत व तान्ह्या मरियेस घेऊन गांवांतील लेंकुरवाळ्या बायकांच्या दारोदार दूध मागत हिंडत.

या काळांत घर चालविलें तें बाईंच्या बंगाली आचाऱ्यानें. तो आपल्या जातीचे निर्बंध विसरला, लांबून लांकूड व पाणी आणी, स्वतः दिवस मावळेपर्यंत उपाशी राही, पण जडसन यांचें जेवण वेळेवर पोंचवी. पगार त्यानें कधीं मागितला नाहीं. हें सारें बाईंनीं कृतज्ञतेनें लिहिलें आहे, आणि त्याचे उपकार फेडतां येणार नाहींत असेंही म्हटलें आहे. परंतु त्याचें नांव या पत्रांत नाहीं. पागोटें फाडणाऱ्याचेंही नाहीं. मरियेस दूध पाजणाऱ्या ब्रह्मी मातांपैकीं एकीचेंही नाहीं.

आमचा मुख्य आक्षेप येथें आहे. तो बाईंवर फारसा नाहीं. ज्या आजारांतून उठून त्यांनीं हें पत्र लिहिलें त्यानंतर पांच महिन्यांतच, २४ ऑक्टोबर १८२६ रोजीं, त्या अॅम्हर्स्ट येथें वारल्या, व पुढच्या एप्रिलांत मरियाही गेली. आक्षेप आहे तो पत्राच्या वाचकांवर. बायबलाच्या ब्रह्मी भाषांतराचें हस्तलिखित उशींत शिवून तुरुंगांत ठेविलें होतें, ही कथा जगभर झाली. केळीं व म्हशीचें मांस घालून बाईंनीं सणाला केलेला स्वदेशी पद्धतीचा पक्वान्नाचा प्रकार पाहून जडसन यांस तो खाववेना, हीही कथा मागाहूनच्या चरित्रांनीं आवडीनें सांगितली. उशी आणि पक्वान्न पुढें आलें. पागोटें आणि लांकडाची मोळी मागें राहिली.

आम्ही स्वतः या दोषांतून मुक्त नाहीं. शाळेंत आम्हीं अनेक वर्षें यांदाबूचा तह शिकविला. २४ फेब्रुवारी १८२६ ही तारीख, आराकान व तेनासरीम हे प्रांत, एक कोटि रुपयांची खंडणी, सारें मुलांकडून घोकून घेतलें. त्या तहाच्या वाटाघाटींत ब्रह्मी दरबारानें ज्यास दुभाषा म्हणून वापरलें, त्या माणसास जिवंत कोणी ठेविलें, हा प्रश्न एकदांही आमच्या मनांत आला नाहीं.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आहे. १८५७ च्या धामधुमींत सांपडलेल्या त्या भिक्षुकाची हकीकत चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं फेरफार करून छापली. मुळाबरहुकूम ती वाचकांस मिळाली दत्तो वामन पोतदार यांच्यामुळें १९६६ सालीं. संपादकाचा हात कोठें फिरला हें कळल्यावांचून अशा ग्रंथाचें मोल ठरत नाहीं, हा धडा आम्हांस तेथें मिळाला आहे. तोच नोल्स यांच्या ग्रंथास लावावा, आणि तोच मुंबईच्या मिशनऱ्यांच्या कागदांसही. गॉर्डन हॉल २० मार्च १८२६ रोजीं नाशिकाहून परततांना वाटेंत पटकीनें वारले. त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या पत्रांतून मराठी भाषेचे, शाळांचे व छापखान्याचे उल्लेख आजवर वेंचले गेले, तें योग्यच झालें. पण त्याच पत्रांतून पाणी कोणी भरलें, होडी कोणी वल्हविली, भाषा कोणत्या शास्त्र्यानें शिकविली, आजारांत उशाशीं कोण बसलें, हेंही वेंचावयास हवें. जेथें नांव सांपडेल तेथें तें लिहावें; जेथें सांपडणार नाहीं, तेथें तें नाहीं असेंही लिहावें. मल्लिनाथानें मुळांत नसलेलें कांहीं न लिहिण्याची प्रतिज्ञा केली होती. ती मान्य करूनही मुळांत काय राहून गेलें आहे तें दाखविणें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें नाहीं.

या दृष्टीनें वाचल्यास जडसनबाईंचें पत्र उत्तम साधन आहे. त्यांतील उपदेश आम्हीं बाजूस ठेविला तरी त्यांतील धान्याची खोली, दोनशें तिकल चांदी आणि फाडलेलें पागोटें आम्हांस बाजूस ठेवितां येत नाहीं.