न्यायबुद्धी, स्वार्थ आणि संप्रेरके : एक परिभाषाविचार

मनुष्याची न्यायबुद्धी त्याच्या रक्तातील संप्रेरकांवर कितपत अवलंबून असते, हा प्रश्न आता प्रयोगशाळेत आला आहे. तेथून मिळणारी उत्तरे परस्परविरुद्ध भासतात. हा विरोध केवळ शरीरविज्ञानाचा नसून बऱ्याच अंशी परिभाषेचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या प्रयोगांचे एक प्रमुख साधन म्हणजे ग्यूट, श्मिटबर्गर व श्वार्त्से यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला ‘अल्टिमेटम’ खेळ. एकाने ठराविक रकमेची वाटणी सुचवावयाची. दुसऱ्याने ती मान्य केल्यास तशी वाटणी होते, नाकारल्यास दोघांच्याही हाती काही लागत नाही. टेरेन्स बर्नहॅम यांच्या २००७ सालच्या अभ्यासात, ४० डॉलरांपैकी अवघे ५ डॉलर देऊ करणारा प्रस्ताव नाकारणाऱ्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण सरासरीने अधिक आढळले. या नकारास न्यायाची चाड म्हणावे, बाणेदारपणा म्हणावे, की आकस? कृती एकच, परंतु नाव बदलले की निष्कर्षही बदलतो. प्रयोगाने मोजला तो नकार. हेतू मात्र आपण शब्दाबरोबर आत आणला.

प्रस्ताव मांडणाऱ्याविषयीही हेच म्हणता येईल. निम्मी रक्कम देऊ करणारा मनुष्य न्यायी असेल, किंवा नकाराच्या भीतीने सावध झालेला स्वार्थीही असेल. समोरच्यास नकाराचा अधिकारच नसलेला ‘हुकूमशहा’ खेळ शेजारी ठेवल्यावाचून या दोहोंतील भेद कळत नाही.

आयसेनेगर व सहकाऱ्यांचा झुरिकमधील प्रयोग (‘नेचर’, २०१०) या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात काही स्त्रियांना ०.५ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, तर इतरांना औषधरहित द्रव्य देण्यात आले. संप्रेरक मिळालेल्यांचे प्रस्ताव सरासरीने अधिक समन्यायी ठरले. उलट, प्रत्यक्षात काहीही मिळालेले असो, आपणांस टेस्टोस्टेरॉनच मिळाले अशी ज्यांची समजूत होती, त्यांनी कमी वाटा देऊ केला. द्रव्याचा परिणाम एका दिशेने, त्याच्या नावास चिकटलेल्या लौकिकाचा दुसऱ्या दिशेने! पहिल्या परिणामाचा उलगडा संशोधकांनी प्रतिष्ठेच्या जाणिवेने केला : नकार हा प्रतिष्ठेस धक्का, म्हणून तो टाळावयाचा. हा उलगडा स्वीकारल्यास त्या समन्यायी प्रस्तावास ‘न्याय’ हे नाव कितपत शोभेल?

शब्दांची छाननी केल्याने सारा प्रश्न सुटतो, असे मात्र नव्हे. झेथ्रेयस व सहकाऱ्यांनी २००९ साली २०० रजोनिवृत्त स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात इस्ट्रोजेन वा टेस्टोस्टेरॉन यांचा अशा वर्तनावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. अशा विसंगतीचा निर्णय प्रयोगानेच लागेल. परंतु तत्पूर्वी एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे : कृतीस प्रथम कृतीचे नाव द्यावे, गुणदोषाचे नाव पुराव्यानंतर. अन्यथा आपल्या कोशातील अर्थच आपण रक्तात शोधीत राहू.