'ड' कितव्या जागी आहे?

एक छोटा खेळ खेळू. ज्यात 'के' हे अक्षर आहे असे इंग्रजी शब्द पटापट आठवा. काइट, किंग, किचन, की... बरोबर? आता तिसरं अक्षर 'के' असलेले शब्द आठवा. थांबावं लागलं ना? खरं तर लाइक, मेक, टेक, बाइक, आस्क हे सगळे तसलेच. आणि लांबलचक शब्द हवा असेल तर आम्हा पीएचडीवाल्यांच्या प्रबंधाच्या पहिल्या पानांतच तो असतो: 'अ‍ॅक्नॉलेजमेंट'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पंधरा अक्षरं, तिसरं 'के'.

हा खेळ मानसशास्त्रातला गाजलेला प्रयोग आहे. 1973 साली एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी के, एल, एन, आर, व्ही ही पाच अक्षरं घेतली आणि विचारलं: हे अक्षर शब्दात पहिल्या जागी जास्त वेळा येतं की तिसऱ्या? 152 जणांपैकी 105 जणांनी पाचपैकी बहुतेक अक्षरांसाठी 'पहिल्या' असं उत्तर दिलं. पाचही अक्षरं प्रत्यक्षात तिसऱ्या जागी जास्त येतात. निष्कर्ष असा की जे सहज आठवतं, ते जास्त आहे असं आपल्याला वाटतं. पुस्तकांतून, वर्गांतून हे उदाहरण इतक्यांदा सांगितलं जातं की त्यावर शंका घ्यावी असं कुणाला वाटतच नाही. आज तेच करायचंय.

पहिली शंका अक्षरांच्या निवडीवर. इंग्रजीतली बहुसंख्य व्यंजनं पहिल्या जागीच जास्त येतात. तिसऱ्या जागी जास्त येणारी फक्त आठ, आणि त्यांतलीच पाच निवडली. म्हणजे 'पहिली जागा' हा अंदाज एरवी बहुतेक वेळा बरोबर ठरला असता. तो जिथे चुकतो तेवढीच अक्षरं परीक्षेला बसवली. 1998 मध्ये झेडलमायर, हेर्टविग आणि गिगेरेन्झर यांनी जर्मन भाषेत हे पुन्हा तपासलं, तेव्हा लोकांचे अंदाज खऱ्या प्रमाणाच्या मागोमाग जाताना दिसले. फक्त कमी येणारी अक्षरं थोडी जास्त धरली जात होती आणि जास्त येणारी थोडी कमी.

मग 'सहज आठवतं' हे खोटं का? नाही. नृसिंहवाडीच्या घाटावर बसून गावांच्या नावांच्या भेंड्या खेळा. 'नृसिंहवाडी' म्हटलं की पुढच्यावर 'ड' येतो, आणि तो डहाणू नाहीतर डोंबिवली गाठतो. आता नियम बदला: 'ड' नावात कुठेही चालेल, फक्त सुरुवातीला नको. नदीपलीकडचं कुरुंदवाड समोर असून पटकन सुचणार नाही. पहिल्या अक्षरावरून शोधणं सोपं असतं, एवढं खरं. पण शोधायला सोपं म्हणजे संख्येचा अंदाज चुकतोच, ही पुढची उडी आहे. ती वेगळी सिद्ध करावी लागते.

दुसरी शंका मला जास्त छळते, कारण ती आपल्या भाषेची आहे. हा प्रयोग मराठीत करायचा तर 'तिसरं अक्षर' म्हणजे काय? कृष्णेकाठचंच कराड घ्या. त्यात 'ड' कितवा? शाळेतलं पोर म्हणेल तिसरा: क, रा, ड. संगणक म्हणेल चौथा, कारण युनिकोडमध्ये काना वेगळा मोजला जातो: क, र, ा, ड. आणि व्याकरणाचे वर्ण मोजाल तर पाचवा: क्, अ, र्, आ, ड्. इंग्रजीतल्या मोजणीला सगळ्यात जवळची ही शेवटची. पण मराठी माणूस मनात शब्द शोधताना वर्ण फोडत बसत नाही, तो अक्षरं धरून शोधतो.

ही नुसती शब्दांची कसरत नाही. वाचनावरच्या माझ्या कामासाठी मला 'लांब' शब्दांची यादी हवी होती. मी ती आधी सरळ संगणकाकडून मोजून घेतली. त्यात 'दक्षिणद्वार' आला 11 आणि 'नरसोबावाडी' 10. (पुराचं पाणी देवळात उत्तरेच्या दारानं शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो वाडीचा दक्षिणद्वार सोहळा.) तोंडानं म्हणून बघा: द-क्षि-ण-द्वा-र, पाच. न-र-सो-बा-वा-डी, सहा. क्रम चक्क उलटा! 'नृसिंहवाडी' आणि 'नरसोबावाडी' तर यंत्राला दोन्ही 10, उच्चारात पाच आणि सहा.

आता समजा, एखादं मूल 'दक्षिणद्वार'पाशी अडखळलं. माझी पहिली यादी म्हणाली असती: शब्द लांब आहे म्हणून. खरं कारण कदाचित क्ष आणि द्व ही जोडाक्षरं असतील. दोन्हींवरचा उपाय वेगळा. लांबीनं अडणाऱ्या मुलाला शब्द तोडून द्यायचा, जोडाक्षराला अडणाऱ्याला जोडाक्षरांचा सराव. चुकीच्या मोजपट्टीमुळे मुलाला भलताच अभ्यास मिळाला असता आणि आम्ही वर आलेख काढून मोकळे झालो असतो.

म्हणून ती यादी मी टाकून दिली. आता प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने आहेत, अक्षरं किती आणि जोडाक्षरं किती. काम दुप्पट झालंय, इलाज नाही. आपल्याकडे हे मोजणं काही नवं नाही: मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे असतात, आणि तिथे 'द्वा' एकच धरतात.

तेव्हा 'के'चा हा प्रयोग पुन्हा कुठे वाचलात तर दोन प्रश्न विचारा: हीच अक्षरं का निवडली? आणि मराठीत करायचा झाला तर मोजणार काय? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो निष्कर्ष माणसाच्या मनाबद्दलचा म्हणून लगेच स्वीकारू नका. तूर्त तो इंग्रजी वाचणाऱ्यांबद्दलचा आहे, आणि त्यांच्याबाबतही वाद मिटलेला नाही.