मंगळावरील ध्रुवीय बर्फ आणि मराठी विज्ञानलेखन : एक आक्षेप

मंगळाविषयीच्या मराठी विज्ञानलेखनात 'सापडले' हे क्रियापद फार सैलपणे योजले जाते. वस्तुतः कक्षेतील यान बर्फाला स्पर्श करीत नाही. 'मार्स एक्सप्रेस'वरील 'मार्सिस' हे रडार रेडिओलहरी सोडून खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी मोजते. पदार्थातील लहरींचा वेग त्याच्या परावैद्युत स्थिरांकावर अवलंबून असतो. शुद्ध बर्फाचा हा स्थिरांक सुमारे ३.१, तर मराठवाड्यातील काळ्या पाषाणाचा त्याच्या दुप्पट वा अधिक. या फरकावरून थर बर्फाचा की खडकाचा, हे ठरविले जाते. म्हणजे येथील ज्ञान प्रत्यक्ष नसून अनुमान आहे.

२०१८ मध्ये दक्षिण ध्रुवीय बर्फाखाली सुमारे १.५ किलोमीटरवर द्रवरूप पाणी असल्याचा निष्कर्ष एका तीव्र प्रतिध्वनीवरून मांडला गेला. २०२१ मध्ये तो प्रतिध्वनी गोठलेल्या चिकणमातीचाही असू शकतो, असे अन्य अभ्यासकांनी दाखविले. पहिला निष्कर्ष सांगून दुसरा गाळणारे लेखन वार्तेच्या पातळीवरच राहते. (२०१३ साली झेपावलेल्या आपल्या मंगळयानावर असे रडार नव्हतेच, हेही अभिमानाच्या भरात विसरले जाते.) शिवाय दक्षिण ध्रुवावर पाण्याच्या बर्फावर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा थर आहे, तेथे नुसते 'बर्फ' म्हणून भागत नाही.